पैसे गेले, मग अडकले कुठे?

जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा भरली की सोलापुरात होम मैदानावरच्या गड्ड्याच्या जत्रेत पाय ठेवायला जागा नसते. समजा, तिथे तुम्ही १८० रुपयांची शेंगा चटणी घेतली, क्यूआर स्कॅन करून पिन टाकला. खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला. दुकानदाराचा साउंडबॉक्स मात्र गप्प. घोटाळा नेमका कुठे झाला?

आधी त्या पैशांचा प्रवास पाहू. विनंती तुमच्या ॲपमागच्या बँकेतून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या स्विचकडे जाते. दुकानदाराचं खातं कोणतं, हे स्विच त्याच्या ॲपमागच्या बँकेला विचारतो. मग तुमची बँक पिन तपासून पैसे वजा करते आणि दुकानदाराच्या बँकेला जमा करण्याचा निरोप जातो. तिचा होकार परत आला की साउंडबॉक्स बोलतो. यातल्या प्रत्येक संस्थेच्या आत पुन्हा अनेक छोट्या सेवा असतात.

बिघाड शोधायला तीन साधनं असतात. मेट्रिक्स सांगतात की काहीतरी बिनसलंय: अपयशी व्यवहार वाढले, वेळ जास्त लागतोय. लॉग म्हणजे प्रत्येक सेवेची रोजनिशी. पण लाखो ओळींतून तुमचे १८० रुपये शोधायचे कसे? त्यासाठी ट्रेस. विनंती आत शिरताच तिला एक क्रमांक मिळतो आणि पुढची प्रत्येक सेवा तोच क्रमांक पुढे पाठवते. चादरींच्या गठ्ठ्यासोबत बिल्टी जाते तसा. प्रत्येक टप्पा आपली सुरुवात आणि लागलेला वेळ नोंदवतो. या नोंदीला स्पॅन म्हणतात. गूगलने २०१० मध्ये ‘डॅपर’च्या निबंधातून ही पद्धत मांडली, आज ओपनटेलिमेट्री हे खुलं साधन त्यासाठी सर्रास वापरतात.

आता दुकानदाराच्या बँकेतला एक काल्पनिक ट्रेस वाचू. एकूण वेळ साधारण ३० सेकंद. गेटवे २० मिलिसेकंद, खातं तपासणं ४० मिलिसेकंद, बाकी सगळा वेळ ‘जमा-नोंद’. तिच्या पोटातले स्पॅन उघडले, तर प्रत्यक्ष नोंद लिहायला लागले फक्त ५० मिलिसेकंद. उरलेला वेळ डेटाबेसची जोडणी मोकळी होण्याची वाट पाहण्यात गेला. म्हणजे डेटाबेस मंद नाही, जोडण्या अपुऱ्या पडल्या. पैसे जमा झाले, पण होकार पोचायच्या आतच स्विचची मुदत संपली. जोडण्या कोणी अडवल्या, हे त्याच वेळेचे इतर ट्रेस आणि लॉग सांगतात.

कधी कधी होकार आला का, याची चौकशीच भार होऊन बसते. १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय अडखळलं, तेव्हा काही बँकांकडून व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा भडिमार झाल्याचं एनपीसीआयच्या तपासणीत आढळलं.

एका बँकेचा ट्रेस दुसऱ्या बँकेला दिसत नाही. संस्थांच्या सीमेपलीकडे माग काढायला व्यवहाराचा संदर्भ क्रमांकच लागतो. पैसे अडकले तर घाईने दुसऱ्यांदा पाठवू नका. ॲपमधला १२ अंकी यूटीआर, म्हणजेच हा संदर्भ क्रमांक, जपून ठेवा आणि तक्रारीत तोच द्या. दुकानदाराला पावती न पोचल्यास रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यवहारानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.