हायड्रोजन गमावलेले तारे

१९४२ साली टेक्सासमधल्या मॅकडॉनल्ड वेधशाळेचे डॅनियल पॉपर नरतुरंग तारकासमूहातल्या एका मंद ताऱ्याचा वर्णपट तपासत होते. इतक्या तप्त ताऱ्यात हायड्रोजनच्या रेषा ठसठशीत दिसायला हव्यात. इथे एकही नव्हती, जिकडेतिकडे हेलियम! सूर्याच्या पृष्ठभागावर वजनाने जवळजवळ पाऊण वाटा हायड्रोजनचा असतो. विश्वातलं सगळ्यात मुबलक मूलद्रव्यच ज्याच्या अंगावरून नाहीसं झालंय असा तारा घडतो तरी कसा, या प्रश्नाने मला कॉलेजात असल्यापासून झपाटलंय. यादीतलं त्याचं नाव एचडी १२४४४८, पण ओळखतात ते ‘पॉपरचा तारा’ म्हणूनच.

हेलियम म्हटलं की मराठी माणसाला विजयदुर्ग आठवतो, कारण इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांना तो तिथेच सापडला असं सांगितलं जातं. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ मीही भक्तिभावाने पाहिले आहेत. मात्र तारखा नीट सांगायला हव्यात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात हेलियमची, तेव्हा अनोळखी असलेली पिवळी रेषा मछलीपट्टणला पॉगसन यांनी नोंदवली. लॉकयर तेव्हा इंग्लंडात होते. त्यांनी ती ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना पकडली. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रॅम्झी यांनी १८९५ मध्ये पृथ्वीवरच हेलियम शोधून काढला होता. किल्ल्याचं महत्त्व याने तसूभरही उणावत नाही. तिथल्या फलकांवर १८९८ ची मोहीम ठळकपणे यावी, एवढंच मला मनापासून वाटतं.

हायड्रोजन गमावण्याच्या सोप्या वाटा आधी उरकतो. फार जड तारे स्वतःच्याच प्रचंड वाऱ्याने वरचे थर उडवून देतात. १८६७ मध्ये पॅरिसला सापडलेले वोल्फ-राये तारे बहुतांशी या जातीचे. जोडतारा असेल तर जोडीदार ते थर ओढून घेतो. मॅगेलनच्या मेघांमधले असे २५ तारे मारिया ड्राउट, इल्वा गोटबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये जगापुढे आणले.

पॉपरच्या ताऱ्याची गोष्ट मात्र निराळी. तो बहुधा दोन मेलेल्या ताऱ्यांपासून झाला आहे.

इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा म्हणजे श्वेतबटू. समजा, एक कार्बन-ऑक्सिजनचा, दुसरा त्याहून हलका, हेलियमचा. (हेलियमचा श्वेतबटू एकट्या ताऱ्यापासून व्हायला विश्वाचं आजवरचं आयुष्यही पुरत नाही. जोडीदाराने कधीतरी त्याला ओरबाडलेलं असतंच.) एकमेकांभोवती फिरताना दोघे गुरुत्वीय लहरींच्या रूपाने ऊर्जा गमावतात आणि जवळ येत जातात. प्रदक्षिणेचा काळ काही मिनिटांवर येतो, तेव्हा हलक्याची शंभरी भरते. श्वेतबटूंची रीत उलटी: जो हलका तो आकाराने मोठा. त्यामुळे आधी तो फाटतो आणि त्याचा हेलियम भारी भावावर येऊन पडतो. गाभ्याभोवती हेलियम पेट घेतो, आणि विझलेला तारा काहीशे वर्षांत फुगून महाराक्षसी होतो. पुढची हजारो वर्षं तो आकसत, तापत जातो. पॉपरचा तारा याच टप्प्यावर आहे. दोघांचं एकूण वजन जास्त असतं, तर कदाचित महास्फोटच झाला असता.

वेबिंक, आणि इबेन व टुटुकोव्ह यांनी १९८४ मध्ये हे मांडलं, पण पुरावा? तो आला ऑक्सिजनच्या जड प्रकारातून, ऑक्सिजन-१८ मधून. आपल्या सूर्यमालेत साध्या ऑक्सिजनच्या सुमारे ५०० अणूंमागे याचा एक अणू. जेफ्री क्लेटन आणि सहकाऱ्यांना या घराण्यातल्या काही थंड ताऱ्यांमध्ये दोन्ही जवळजवळ बरोबरीने आढळले. विलीन होताना नायट्रोजन-१४ वर हेलियमचा मारा होऊन फ्लोरिन-१८ बनतो आणि त्याचाच पुढे ऑक्सिजन-१८ होतो. आच थोडी जास्त झाली, तर तोही जळून निऑन होतो. हे प्रमाण शिल्लक राहायला आच अगदी बेताची लागते. मला या सगळ्या शास्त्रातला हा सर्वांत देखणा पुरावा वाटतो.

या घराण्यातला माझा लाडका तारा उत्तर मुकुटात आहे, मुकुटाच्या कमानीच्या आत. आर कोरोनी बोरिआलिस, १७९५ मध्ये एडवर्ड पिगॉट यांनी त्याचं मंदावणं ओळखलं. एरवी तो सहाव्या प्रतीचा, मे महिन्यात बायनॉक्युलरमधून आरामात दिसणारा. मग अचानक कार्बनच्या काजळीचा ढग त्याच्या तोंडासमोर येतो आणि तारा काही आठवड्यांत हजारो पटींनी मंदावतो. २००७ च्या उन्हाळ्यानंतर तो असा गेला, की पुढची कित्येक वर्षं मुकुटाची ती जागा मी रिकामीच पाहिली. तरीही दर उन्हाळ्यात मान वर जायचीच.

आपल्याकडचं कामही मोलाचं आहे. बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेचे एन. कामेश्वर राव यांनी या ताऱ्यांसाठी आयुष्य वेचलं. गजेंद्र पांडे यांना २००६ मध्ये थंड हेलियम ताऱ्यांत फ्लोरिन भरपूर सापडला. याच संस्थेची कावलूरची वेधशाळा मी पाहिली आहे. जावडी टेकड्यांतल्या जंगलातून रस्ता चढतो आणि झाडांच्या वर एकदम वेणू बाप्पू दुर्बिणीचा घुमट येतो, आत २.३४ मीटरचा आरसा. अलीकडे लडाखमधल्या हानले इथल्या दुर्बिणीने भुजंगधारीतल्या ए-९८० या ताऱ्यात चक्क जर्मेनियम दाखवला. असल्या जड मूलद्रव्याला न्यूट्रॉन लागतात, म्हणजे ताऱ्याच्या पूर्वायुष्याचा आणखी एक धागा हाती आला.

असं मीलन प्रत्यक्ष घडण्याच्या बेतात कुठे आहे का? कर्केत एचएम कॅन्क्री नावाची श्वेतबटूंची जोडी दर ३२१ सेकंदांनी एक फेरी मारते, आणि ही वेळ हळूहळू घटते आहे. तिच्या गुरुत्वीय लहरी टिपायला युरोपची ‘लिसा’ मोहीम पुढच्या दशकात अवकाशात जायची आहे.