शुक्रवार, ७ मार्च २०२५ : एका पाळकबाईचा दिनक्रम

पहाटे ५.३०

रमजान सुरू होऊन आठवडा व्हायचाय आणि राखेचा बुधवार परवाच झाला. त्यामुळे सध्या आमच्या गल्लीत दोन घरांत पहाटे दिवा असतो. शेजारच्या भाभींकडे सहेरीसाठी आणि आमच्याकडे लेंटच्या उपवासकाळातल्या प्रार्थनेसाठी. शास्त्रवाचन झालं की मी वहीत त्या दिवसाची नावं लिहिते आणि एकेका नावासाठी प्रार्थना करते. आज पहिली दोन नावं दोन सख्ख्या भावांची आहेत. तिसरं नाव पोलीस ठाण्यातल्या साहेबांचं, कारण आज शांतता समितीची बैठक आहे. मग प्रार्थना दिनाला येणाऱ्या बायका, आणि शेवटी मंडळीचा कारभार बघणारी पास्टोरेट कमिटी. तिच्यासाठी जरा जास्त वेळ लागतो.

सकाळी ७.३०

नगर जिल्ह्यातल्या आमच्या या ख्रिस्ती मंडळ्या जुन्या. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं आणि पुढं खेडोपाडी पसरलं. हे दोघे भाऊ अशाच एका जुन्या ख्रिस्ती घरातले. विहीर सामाईक, दोघांचा उन्हाळ कांदा पाण्यावर, आणि वर्षभर अबोला. रविवारी मंदिरात एक उजव्या बाजूला बसतो, दुसरा डाव्या.

भांडणाचं मूळ विजेच्या वेळापत्रकात आहे. शेतीपंपाची वीज काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. पाण्याच्या पाळीचे वार वडिलांच्या वेळेपासून ठरलेले. आता धाकट्याच्या वारांना नेमकी रात्रीची वीज येते. शेजारी ऊस, उसात बिबट्या. "बाई, बॅटरी घेऊन दारं धरायला रोज मीच का?" हे तो मला तिसऱ्यांदा सांगत होता. थोरला म्हणत होता, "वार वडिलांनी ठरवलेत, मी कशाला मोडू?"

दोघांना ओट्यावर बसवलं आणि म्हटलं, आज आधी जावा बोलतील. दोघी आतून कालनिर्णय घेऊन आल्या. पान जमिनीवर पसरून थोरलीनं पेन्सिलीनं दिवसाच्या विजेवर गोल केले, रात्रीच्या विजेवर फुल्या मारल्या. धाकटीनं मोजलं. दर पंधरवड्याला वार उलटे करायचे, म्हणजे रात्रीची पाळी दोघांना सारखी येते. दहा मिनिटांचं काम. दोघींनी हा हिशेब विहिरीवर धुणं धुताना कधीच करून ठेवला होता, कोणी विचारलंच नव्हतं.

पानावर दोघा भावांच्या सह्या घेतल्या, खाली जावांच्याही घेतल्या. मग पाळक म्हणून जे सांगायचं ते सांगितलं. अर्पण वेदीजवळ ठेव आणि आधी भावाशी समेट कर, असं डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूनं शिकवलंय. तेव्हा या रविवारी प्रभुभोजनाला पुढं याल ते एकमेकांशी बोलूनच. धर्माचा धाक मी उठसूट दाखवत नाही. पण भाकर आणि प्याला हातात देण्याचा अधिकार मंडळीनं मला दिला आहे, आणि असा प्रसंग त्याच अधिकाराच्या कामाचा आहे.

सकाळी ११.००

पुढच्या शुक्रवारी, १४ तारखेला, धुलिवंदन आहे आणि त्याच दिवशी रमजानमधला जुम्मा. म्हणून आजची बैठक. मौलाना, देवस्थानचे विश्वस्त, मंडळांचे कार्यकर्ते, पोलीस पाटील, दोन नगरसेवक आणि मी. नोंदी घेणारी महिला कॉन्स्टेबल सोडली तर खोलीत बाई मी एकटीच.

वेळेचं लवकर जमलं. रंग दुपारी साडेबारापर्यंत आटोपायचा, नमाज अर्धा तास पुढं घ्यायची, डीजे मशिदीच्या रस्त्यानं न्यायचा नाही. मग साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचा सण नाही, पण दोन शब्द बोला."

मी म्हटलं, सण माझा नाही, गाव माझं आहे. दोन गोष्टी मागितल्या. पहिली, आज जे ठरलं ते तिन्ही ठिकाणी आपापल्या लोकांना आपापल्या तोंडानं सांगायचं : मौलानांनी जुम्म्याला, विश्वस्तांनी आरतीनंतर, मी रविवारच्या उपासनेत. पोलिसांची सूचना लोक ऐकतात, पण मनावर घेतात ते आपल्या धर्माच्या माणसानं सांगितलेलं. मौलानांनी लगेच मान डोलावली. दुसरी गोष्ट, ज्या पोरांच्या मोबाइलवरून चिथावणीचे मेसेज फिरतात, ती पंधरा ते अठरा वयाची आहेत. त्यांच्या आयांना पुढच्या बैठकीला बोलवा. कोणत्या घरात मंगळवारपासून काय शिजतंय हे त्यांना आधी कळतं. साहेबांनी नावं मागितली. उद्यापर्यंत देते म्हटलं.

दुपारी १.३०

घरी भाकरी, वांग्याचं भरीत. आमचे हे शाळेतून यायचेत. मग दफ्तर : एका बाप्तिस्म्याची नोंद, एका लग्नाची जाहिरात, घंटेच्या दोरीचं बिल.

दुपारी ४.००

मार्चचा पहिला शुक्रवार म्हणजे जागतिक प्रार्थना दिन. अमेरिकेतल्या ख्रिस्ती बायकांनी एकोणिसाव्या शतकात रुजवलेला हा परिपाठ १९२७ पासून जगभर चालतो. दर वर्षी एकेका देशातल्या बायका उपासना लिहितात. गेल्या वर्षी पॅलेस्टाइनच्या बायकांनी लिहिली होती, या वर्षी पॅसिफिक महासागरातल्या कुक बेटांच्या बायकांनी.

आज मंदिरात आमच्या मंडळीच्या बायका, कॅथलिक सिस्टर आणि मुक्तिफौजेच्या, म्हणजे सॅल्व्हेशन आर्मीच्या, मेजरबाई एका सतरंजीवर होत्या. बाईच्या पदाबाबत तिघींच्या चर्चच्या तीन तऱ्हा. मुक्तिफौजेत बाईला पहिल्यापासून अधिकारीपद आहे. आमच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा जन्म नागपूरचा, २९ नोव्हेंबर १९७० चा. इथं बाईला पाळकाची दीक्षा मिळते, पण पहिली स्त्री बिशप व्हायला २०२४ उजाडावं लागलं. त्या व्हायोलेट नायक, ओडिशातल्या फुलबनीच्या. २००८ साली कंधमालमध्ये ख्रिस्ती वस्त्या जाळल्या गेल्या, तोच हा मुलूख. दक्षिणेत चर्च ऑफ साउथ इंडियानं २०१३ मध्येच नंद्यालला पुष्पा ललिता यांना बिशप केलं होतं. सिस्टरांच्या चर्चमध्ये बाई धर्मगुरू होत नाही, मात्र २०२३ मध्ये रोमला बिशपांच्या सभेत, सिनडमध्ये, स्त्रियांनी पहिल्यांदा मत दिलं. आणि पदाची वाट न बघता मंडळी उभी करणारी बाई तर आपल्याच मुलखातली : केडगावच्या पंडिता रमाबाई. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल त्यांनी मराठीत आणलं.

उपासनेनंतर मी लायबेरियाची हकिकत सांगितली. पश्चिम आफ्रिकेतला हा देश चौदा वर्षं यादवीत होरपळला, सुमारे अडीच लाख माणसं गेली. मनरोव्हियातल्या सेंट पीटर्स लुथरन चर्चमध्ये आसरा घेतलेल्या शेकडो लोकांना १९९० मध्ये सैनिकांनी मारलं. त्याच चर्चमधून पुढं बायकांची शांततेची चळवळ उठली. लेमा बोवी या लुथरन बाई पुढं होत्या. असातू बा केनेथ ही मुसलमान पोलीस अधिकारी त्यांच्या प्रार्थनासभेत उठून उभी राहिली आणि मुसलमान बायकांना घेऊन येईन म्हणाली. २००३ मध्ये दोन्हीकडच्या बायका पांढरे कपडे घालून, दागिने उतरवून मासळीबाजाराजवळच्या मैदानात बसल्या. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलरची गाडी त्याच रस्त्यानं जायची. चर्चला जाणारा टेलर आणि बंडखोरांमधले मुसलमान म्होरके, दोघांनाही आपापल्या धर्मगुरूंचा शब्द टाळणं जड होतं. म्हणून बायकांनी बिशप आणि इमामांना कामाला लावलं. जुलैमध्ये घानात शांततेची बोलणी रेंगाळली तेव्हा त्यांनी दालनाची दारं अडवली : करार केल्याशिवाय कोणी बाहेर यायचं नाही. १८ ऑगस्टला करार झाला. बोवी यांना २०११ मध्ये नोबेल मिळालं.

सगळ्या ऐकत होत्या. मागं बसलेल्या एका आजींनी विचारलं, "दाराशी या बसल्या. आत टेबलाला कोण होतं?"

मी म्हटलं, बहुतेक पुरुषच.

"मग आपल्या कमिटीसारखंच की," आजी म्हणाल्या.

संध्याकाळी ७.००

तोच प्रश्न मी पास्टोरेट कमिटीत ठेवला. आमच्या मंडळीत भांडण मिटवायला पंच बसतात आणि पंच म्हणजे चार वडीलधारे पुरुष. एके काळी मिशनच्या बायबल-बाया घराघरांत जाऊन रडणं पुसायच्या, आजारपण काढायच्या, सासूसुनेला एका ताटाशी आणायच्या, पण निकाल देताना त्यांना कोणी बसवलं नाही. आजही समेटाची मेहनत बाईची आणि सही बाप्याची.

माझा ठराव साधा होता. समेट समिती सात जणांची, त्यात चार बायका. हातात नोंदवही, निकालावर सगळ्यांच्या सह्या. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, "पाळकबाई, बायांच्या तोंडून बाहेर बातमी गेली तर?" मी विहिरीचं पान पुढं ठेवलं. या दोघी जावांनी वर्षभर भांडण घरात झाकून धरलं आणि तोडगाही काढला. गावभर बातमी नेली ती नवऱ्यांनीच. बराच वेळ चर्चा झाली. शेवटी नऊविरुद्ध दोन मतांनी ठराव झाला. विरोध करणाऱ्या दोघांची नावं मी समितीच्या सल्लागारांत घातली. त्यांना बाहेर ठेवलं तर समेटाची सुरुवातच चुकेल.

रात्री ९.१५

पद मिळालं म्हणून मला जास्त कळतं असं नाही. कळणाऱ्या बायका आधीही होत्या. दीक्षेनं एवढंच झालं की आता मी खोलीत असते आणि माझा शब्द नोंदवहीत जातो. तो नोंदला गेला की पाळावा लागतो. चर्चनं शांतीचा उपदेश करायचा तर ही जागा बायकांना द्यायलाच हवी, एका पाळकबाईला देऊन भागणार नाही.

ठाण्यात द्यायच्या यादीत चार आया झाल्या : दोन मराठा घरांतल्या, एक मुसलमान, एक आमच्या मंडळीतली. अजून दोघींची कबुली यायचीय. रोजा सुटून जेवणं आटोपली असतील, आता भाभी मोकळ्या असतील. त्यांनाच घेऊन त्या दोन घरी जायचंय. यांनी स्कूटर बाहेर काढली होती, मी म्हटलं, राहू द्या, आम्ही दोघी चालतच जातो.