रिकाम्या जागा भरा

सेलूच्या एका विद्यार्थ्याने परवा संगणकावर निमंत्रणाचा साचा रचला. मजकूर एकच, गावाची जागा रिकामी, ती यंत्राने भरायची. पायथॉन भाषेत अशी तयार सोय २००४ पासून आहे. 'सेलूला या' झकास उतरले. पुढच्याच पत्रात मात्र 'वर्धाला या'! पोरगा ओशाळला.

मी म्हटले, "अरे, इंग्रजी नाम साच्यात जसेच्या तसे बसते. आपल्याकडे प्रत्ययाआधी सामान्यरूप होते: वर्धा, वर्ध्याला."

मग घरातली जुनी लग्नपत्रिका काढली. 'श्री. …… यांस', 'मुक्काम …… येथे'. प्रत्ययाचा भार 'यांस'ने उचललेला, नाव अभंग! त्यानेही साच्यात 'येथे' घातले. वाचकहो, पत्र यंत्राने लिहिले तरी निमंत्रिताचे नाव मोडता कामा नये.