चालण्याचा गट आणि हातातला मोबाइल

दवाखान्यातून बाहेर पडताना मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या बहुतेक रुग्णांना एक सल्ला हमखास मिळतो : 'रोज चालत जा.' पण कुठे चालायचे, कोणाबरोबर चालायचे हे कोणी सांगत नाही. दिवसभर राबून आलेली बाई पहाटे अंधाऱ्या गल्लीतून एकटी निघेल का? ती घरीच राहते आणि गोळ्या तेवढ्या वाढत जातात. म्हणून सल्ला उपयोगी पडायचा असेल तर सोबत लागते, आणि सोबत जमवायला कार्यकर्ता लागतो.

प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालले, तरी यातला किमान वाटा पुरा होतो. १९९५ साली इंग्लंडमधील सॉनिंग कॉमन या गावात डॉ. विल्यम बर्ड यांनी आपल्या रुग्णांसाठी अशा सामूहिक फेऱ्या सुरू केल्या. पुढे तिकडे देशभर त्या पसरल्या, त्या स्वयंसेवकांच्या बळावर. त्यांची एक साधी रीत आपणही घ्यावी : एक कार्यकर्ता पुढे आणि एक सर्वांच्या शेवटी. शेवटच्याच्या मागे कोणीही राहता कामा नये.

आता हे काम मोबाइलमुळे पुष्कळ सोपे झाले आहे. फक्त कोणते साधन कशासाठी, हे नीट समजून घेतले पाहिजे.

रस्ता ठरवताना

गुगल मॅप्सवर एका जागी बोट दाबून धरले की 'अंतर मोजा' असा पर्याय मिळतो. सुरुवातीला एक ते दीड किलोमीटर पुरे. मधूनच परत फिरता येईल असा रस्ता निवडावा. मात्र उघडे गटार, बंद पडलेला दिवा, मोकाट कुत्री, बसायला कट्टा, बायकांसाठी स्वच्छतागृह या गोष्टी नकाशा सांगत नाही. त्यासाठी दोघांनी त्याच वेळेला तो रस्ता आधी चालून पाहावा. पुष्कळ वस्त्यांच्या गल्ल्या नकाशात दिसतच नाहीत. 'ओपनस्ट्रीटमॅप' या खुल्या नकाशात कोणालाही खाते उघडून आपली गल्ली, नळ, दवाखाना भरता येतो. वस्तीतल्या कॉलेजच्या मुलामुलींना हे काम जरूर द्यावे.

निरोप देताना

व्हॉट्सअॅपचा गट सगळ्यांना येतो. पण त्यात सुप्रभात आणि राजकारण सुरू झाले की फेरीचा निरोप बुडतो. सेटिंगमध्ये जाऊन फक्त अॅडमिनलाच संदेश टाकता येईल असे करावे. साध्या गटात प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो. व्हॉट्सअॅप कम्युनिटीच्या सूचना-गटात तो इतर सदस्यांना दिसत नाही. बायकांच्या गटासाठी हे महत्त्वाचे आहे. वेळ ठरवायला 'पोल' घ्यावा. वाचता न येणाऱ्यांसाठी आवाजी निरोप पाठवावा : वार, वेळ, जमायची जागा, अंतर, परतायची वेळ.

ज्यांच्याकडे फोनच नाही, किंवा आहे तो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात, त्यांचे काय? अनेकदा त्यांनाच चालण्याची गरज जास्त असते. म्हणून फोन असलेल्या प्रत्येकीने शेजारच्या एकीला हाक मारून आणण्याची जबाबदारी घ्यावी. वार, वेळ आणि जागा शक्यतो बदलूच नये. विहारासमोर किंवा समाजमंदिरासमोर सहा म्हणजे सहा, हे एकदा ठरले की फोन नसलेली मावशीही बरोबर येते.

नोंद ठेवताना

गुगल फॉर्मवर नाव, घरच्या एका माणसाचा नंबर आणि एकच प्रश्न पुरे : चालताना छातीत दुखते, चक्कर येते किंवा डॉक्टरांनी चालायला मनाई केली आहे का? उत्तर 'हो' असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवून मग फेरीला. आधार क्रमांक, जात, आजारांची यादी यांतले काही विचारू नये. क्षयरोग किंवा एचआयव्हीची नोंद चुकून बाहेर गेली, तर त्या माणसाचे काम आणि घर दोन्ही धोक्यात येते. एचआयव्हीची माहिती संमतीशिवाय उघड करायला तर २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. फॉर्मची यादी 'लिंक असलेल्या कोणालाही' उघडी न ठेवता दोघा कार्यकर्त्यांपुरतीच ठेवावी. कोणाची साखर किती, दाब किती, हे गटात टाकू नये. फोटोही विचारूनच टाकावा.

फेरी चालू असताना

व्हॉट्सअॅपचे 'लाइव्ह लोकेशन' १५ मिनिटे, एक तास किंवा आठ तासांसाठी लावता येते. पुढच्या आणि शेवटच्या कार्यकर्त्याने ते एकमेकांना एक तास लावले की पुरे. निघण्यापूर्वी हवामान खात्याचे 'मौसम' अॅप पाहावे. विजेचा इशारा पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' अॅप देते. शहरातली हवा किती खराब आहे ते 'समीर' अॅपवर दिसते. हवा फार खराब असेल तर दमेकऱ्यांना त्या दिवशी सुट्टी द्यावी.

काही गोष्टी मात्र कोणतेही अॅप करणार नाही. चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये, तो वेग योग्य. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. घाम फुटला, हात थरथरले, तर लगेच बसवून तीन चमचे साखर पाण्यात द्यावी. त्यासाठी शेवटच्या कार्यकर्त्याच्या पिशवीत साखर असावीच. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये. अशा वेळी किंवा छातीत दुखू लागल्यास लगेच १०८ लावावा.

मोबाइलवर पावले मोजली जातात, पण त्यांची चढाओढ लावू नये. दहा हजारांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला. तो डॉक्टरांनी घालून दिलेला नियम नाही. गुडघे दुखणारी आजी दोन हजार पावले चालली तरी तिचे नाव यादीत तळाला नको.

सुरुवातीला दोन कार्यकर्ते, एक रस्ता आणि आठवड्यातला एक ठरलेला वार एवढेच पुरे. येत्या रविवारी फोन हातात घ्या, अंतर मोजा आणि शेजारच्या दारावर टकटक करा.