जिनिव्हातला उसाचा खटला

प्रवरेच्या पुलावरून कोल्हारमध्ये शिरणारा उसाचा ट्रॅक्टर पाहून जिनिव्हा कुणाला आठवेल? ऊस इथला, पाणी भंडारदऱ्याचे. शेजारी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी कारखाना उभारला. १९५० साली त्याचे धुराडे पेटले. पण या उसाच्या भावाची तक्रार आता स्वित्झर्लंडपर्यंत पोहोचली आहे.

२०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध उभे राहिले. आक्षेप दोन : उसाला मिळणारा ‘एफआरपी’ आणि साखरनिर्यातीला दिलेली मदत. विकसनशील देशाला एखाद्या पिकाच्या एकूण मूल्याच्या १० टक्क्यांपर्यंतच असा आधार देता येतो. भारताचे म्हणणे, उसाचे पैसे कारखाने देतात, सरकार नव्हे. १४ डिसेंबर २०२१ च्या निवाड्यात हा युक्तिवाद टिकला नाही. दर सरकार ठरवते, एवढे पुरेसे मानले गेले.

असे खटले लढायला कायदा लागतो आणि पैसाही. बँकेच्या नोकरीत एक गोष्ट पक्की कळली : अडलेल्या माणसाला कर्जाआधी अर्ज नीट लिहून देणारा हवा असतो. देशांचेही तसेच. १९६४ साली विकसनशील देशांच्या व्यापाराचा विचार करण्यासाठी ‘अंक्टाड’ स्थापन झाली. २००१ मध्ये जिनिव्हातच व्यापार कायद्याचे सल्ला केंद्र सुरू झाले. गरीब आणि विकसनशील देशांना ते कायद्याचा सल्ला देते, खटल्यात माफक दराने वकिली करते. भारतही त्याचा सभासद आहे.

पण वकील मिळाला, तरी न्यायाधीश हवाच. जानेवारी २०२२ मध्ये भारताने अपील केले. मात्र अमेरिकेने नेमणुका अडवल्याने डिसेंबर २०१९ पासून अपील मंडळाचे काम बंद पडले आहे. निवाडा त्यामुळे लोंबकळला आणि आपला ऊसभाव तूर्त वाचला. २०२५-२६ च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरले.

यात सुटकेचा नि:श्वास टाकावा का? मला तसे वाटत नाही. उद्या एखाद्या बलाढ्य देशाने आपला माल अडवला, तर आपल्यालाही त्याच रिकाम्या खुर्च्यांपुढे उभे राहावे लागेल. बलवानाला न्यायालय नसले तरी चालते; कोल्हारच्या ऊसवाल्याला आणि ग्वाटेमालातल्या ऊसवाल्यालाही ते नसून चालत नाही.