वहीत न दिसणारा अभ्यास

"पोरगं सहा महिने शाळेत जातंय, अजून वही कोरीच कशी?" दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं की भोसरी-चिखलीपासून चाकणच्या नाणेकरवाडीपर्यंत पहिलीच्या बाईंना हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. विचारणारा बाप अनेकदा रात्रपाळी उरकून आलेला असतो. कारखान्यात दिवसाला किती नग निघाले ते मोजता येतं. पोराच्या शिक्षणाचे नगही तो वहीत शोधतो. त्याची तगमग खोटी नाही. पण पहिलीत जे चाललं आहे त्यातला मोठा भाग वहीत उतरतच नाही.

२०२५-२६ पासून राज्यात पहिलीला नवा अभ्यासक्रम लागू झाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून पाच वर्षांचा एक सलग 'पायाभूत स्तर' धरला जातो. या स्तरावर शिकवण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी अनुभव, मग बोलणं, मग चित्र आणि सगळ्यात शेवटी चिन्ह. बेरीज शिकायची तर आधी चिंचोके हातात घ्यायचे, एकत्र करायचे, मोजायचे. 'चार होते, तीन आणखी आले' हे तोंडाने सांगायचं. मग तेच चित्रात पाहायचं. 'अधिक'ची खूण वहीत येते ती त्यानंतर. चारांपैकी तीन पायऱ्या वहीबाहेरच्या आहेत. वही पाहणाऱ्याला फक्त चौथी दिसते.

अक्षरांचंही तसंच. आजोबांना वाटतं, अ-आ-इ-ई पाठ झाली की वाचन आलं. मराठी शाळांत मात्र अक्षरओळख कितीतरी वर्षं 'ग म भ न' अशी, सारख्या वळणाची अक्षरं एकत्र घेऊन होत आली आहे. 'ग'चं वळण बसलं की 'म' सोपा जातो आणि चार अक्षरं येताच शब्द वाचायला मिळतात. घरी कोणी वर्णमालेच्या तक्त्यापुढे बसवलं तर मुलाच्या डोक्यात दोन रस्ते होतात. बिघडत काही नाही, पण बाईंचा वेळ जातो.

भोसरी ते चाकणच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात खरा कस लागतो तो 'बोलणं' या दुसऱ्या पायरीवर. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हापासून इथे कामासाठी माणसं येत राहिली. आता तो ओघ महाळुंगे, खालुंब्रे, निघोजेपर्यंत पोचला आहे. एका वर्गात घरी मराठवाडी मराठी बोलणारा, भोजपुरी बोलणारा, कलबुर्गीकडची कन्नड बोलणारा असे तिघे एका बाकावर बसू शकतात. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी असावी की नसावी यावर राज्य ढवळून निघालं. १६ एप्रिल आणि १७ जून २०२५ चे शासन निर्णय निघाले आणि २९ जूनला दोन्ही रद्द झाले. त्या भांडणात एका गोष्टीबद्दल कोणी फारसं बोललं नाही. चाकणच्या वर्गात हिंदी कागदावर असो वा नसो, मधल्या सुट्टीत ती आहेच. प्रश्न आहे तो बिहारहून आलेल्या मुलाला 'डबा', 'दप्तर', 'रांग' हे शब्द बोलण्यात रुळायच्या आधीच पुस्तकातलं मराठी वाचायला लावायचं का, हा. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे मोशीच्या इंग्रजी शाळेतही हाच प्रश्न आहे. पहिलं सत्र गप्पा, गाणी, गोष्टींत गेलं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी याचा विचार करावा. मुळात पोर वर्गात तोंड उघडायला लागलं, हेच पहिल्या सत्राचं काम होतं.

आता, दुसऱ्या सत्रात, खरी कसरत दोन अंकी संख्यांची. मोठ्यांना हे अगदी किरकोळ वाटतं. पण 'पंचवीस' ऐकताना आधी पाच कानावर पडतात आणि लिहायचे मात्र आधी दोन. म्हणून पोरं ५२ लिहितात. 'एकोणसाठ'मध्ये साठ ऐकू येतात, म्हणून ६९. मूल ऐकलेलं इमानाने लिहितं. चूक भाषेच्या वळणातून येते. हिंदीतही 'पच्चीस', 'उनसठ' अशीच गत. गंमत म्हणजे कन्नड बोलणारं मूल घरी 'इप्पत्तैदु' म्हणजे आधी वीस, मग पाच म्हणतं, लिहायच्या क्रमानेच. मराठी शाळेत येऊन त्याला उलटं ऐकायची सवय करावी लागते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'वीस दोन' अशी जोडपद्धत नेहमीच्या नावांसोबत दिली, तेव्हा विधानसभेपर्यंत थट्टा झाली. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या. माझ्या मते त्या थट्टेत हसणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी सहा वर्षांच्या मुलाला ५९ लिहायला शिकवलं असेल. यावरचा जुना उपाय आजही चालतो: दहा काड्यांना रबर लावून दशकाचा गठ्ठा, बाकीच्या सुट्या. पाच गठ्ठे, नऊ सुट्या. नाव काहीही असो, डोळ्यांना क्रम दिसतो.

वहीबाहेरचा अभ्यास पहिलीपुरताच नाही. चौथीकडेही वळायला हवं, कारण चौथीचा इतिहास म्हणजे 'शिवछत्रपती', आणि त्यातल्या शायिस्तेखानाच्या स्वारीचा एक तुकडा चाकणच्या मुलांच्या घराशेजारी पडून आहे. १६६० मध्ये खानाने चाकणच्या भुईकोटाला, म्हणजे संग्रामदुर्गाला, वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळजवळ दोन महिने झुंजवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हा किल्ला गेला. डोंगर नाही, कडा नाही, सपाटीवरचा छोटा कोट इतके दिवस टिकला कसा, हे अवशेषांपाशी उभं राहिल्यावरच मुलांना कळतं. धाराशिवहून किंवा गोरखपूरहून आलेल्या मुलाला चाकण म्हणजे कंपन्या आणि ट्रक. त्याच्यासाठी हा धडा गावाशी पहिली ओळख ठरू शकतो. सहलीला बससुद्धा लागत नाही.

शिकवायची माणसं मोजकी आणि मुलं वेगवेगळ्या पातळ्यांवर. मग करायचं काय? याचं एक उत्तर चाकणच्याच खेड तालुक्यात आहे. जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. दत्तात्रय वारे गुरुजींच्या या शाळेत 'विषयमित्र' असतात: ज्याला जे येतं ते त्याने दुसऱ्याला शिकवायचं, वयाची अट नाही. त्याआधी २०२२ मध्ये बोपखेलची महापालिकेची इंग्रजी शाळा याच स्पर्धेत पहिल्या दहांत आली होती. बक्षिसांपेक्षा मला विषयमित्राची युक्ती मोलाची वाटते. नोव्हेंबरात अचानक नाव दाखल झालेल्या मुलाला वर्गाबरोबर आणायला ती कामी येते, आणि इथे असे प्रवेश वर्षभर होत राहतात. दाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यातच आहे.

थोडं घड्याळाबद्दलही. फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयानुसार चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवायच्या नाहीत. मुलांची झोप पुरी व्हावी हा हेतू रास्तच. पण आई-बाप दोघेही पहिल्या पाळीला गेले, तर त्यांची बस निघते आणि शाळेची घंटा होते यात दोन-अडीच तासांची फट पडते. त्या वेळात पोर शेजारच्या काकूंकडे किंवा मोबाइलपुढे.

आणि ज्यांना वहीच पाहायची आहे त्यांनी ती जरूर पाहावी, पण सोबत घरात दहा मिनिटं द्यावीत. हरभऱ्याचे दाणे पसरून 'सत्तावीस मोजून दाखव, दहा-दहाचे ढीग कर' म्हणावं. आज वर्गात कोणाशी काय बोललास, हे मराठीत विचारावं किंवा आपल्या भाषेत. पोराला सांगता आलं पाहिजे. पालकसभेत 'किती पानं झाली?' याऐवजी 'कुठल्या संख्येला अडखळतो?' असं विचारलं, तर बाईंकडे सांगण्यासारखं बरंच असतं.