निधीच्या अर्जात प्रश्न हवा
अर्जात आपण लिहितो, 'ताजी भाजी सुरक्षित करू.' हे झालं ध्येय. निधी मिळतो तो प्रश्नाला. वाघोलीहून नदीपलीकडे, मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. २०१० मध्ये आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाटचा अंश सापडला, युरोपात माल अडकला, शेतकऱ्याचे पैसेही अडकले. निर्यातीपूर्वीच्या तपासणी यादीत हे रसायन नव्हतंच! म्हणजे काय, तर यादीत जे नाही, तिथे प्रश्न शोधायचा.

आता आपलं बघू. कोथिंबीर धुतो त्या पाण्यात ई. कोलाय किती? क्लोरीनने किती घटतात? नमुने कुठून घेणार, किती, तपासणार कोण, निष्कर्ष वापरणार कोण? एवढं अर्जात आलं, की खर्चाचा आकडाही पटतो.